मान पुन्हा वर करताना

‘प्लास्टिक सर्जरी’ हे शब्द कानी पडले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर चित्रपटतारका उभ्या राहतात. बोरी अरबसारख्या गावात तर ऐकणारा हसतो, किंवा ‘ही सारी श्रीमंतांची थेरं’ असे म्हणून विषय मोडून टाकतो. परंतु दारव्हा तालुक्यातील या गावात वैद्यकीय व्यवसाय करताना या शस्त्रक्रियेशी माझा संबंध ज्यांच्यामुळे येतो, त्यांचा चित्रपटसृष्टीशी काही संबंध नसतो. स्टोव्हच्या भडक्याने, चुलीच्या जाळाने किंवा उकळत्या वरणाने ज्यांचा गळा भाजला आणि जखम भरता भरता ज्यांची हनुवटी छातीकडे ओढली गेली, अशा त्या स्त्रिया आणि मुले असतात.

अशी मान असलेल्या व्यक्तीचे जगणे क्षणभर डोळ्यांसमोर आणून पाहा. तिला आभाळ दिसत नाही. खालचा ओठ ओढला गेल्यामुळे लाळ गळते, तांब्याने पाणी पिता येत नाही, तोंड नीट मिटत नाही. रस्ता ओलांडताना आजूबाजूला पाहायचे तर अख्खे धड वळवावे लागते. तिच्यासाठी मानेची शस्त्रक्रिया ही शोभेची बाब आहे की गरजेची, हा वाद शेजाऱ्यापाजाऱ्यांनी घालण्यात अर्थ नाही. दिसणे आणि जगणे या दोन गोष्टी मानेच्या बाबतीत वेगळ्या काढताच येत नाहीत.

वाचकहो, आजचा विषय मात्र शस्त्रक्रियेनंतरच्या काळाचा आहे. ऑपरेशनला काही तास लागतात आणि ते मोठ्या शहरात होते. त्याचे फळ टिकते की नाही, हे पुढच्या वर्षभरात घरी ठरते. हे वर्ष रुग्णाइतकेच कुटुंबाचेही असते.

मान आखडते कशी?

त्वचा खोलवर भाजली की शरीर ती जखम आक्रसवून भरून काढण्याचा प्रयत्न करते. जखमेतील विशिष्ट पेशी कडांना आत खेचतात आणि नवी तयार होणारी ऊती जाड, ताठर होत जाते. पाठीसारख्या सपाट भागावर याचा त्रास तुलनेने कमी जाणवतो. मानेची पुढची बाजू मात्र पातळ, सैल आणि सतत हलणारी असते. शिवाय भाजलेल्या माणसाला मान खाली घालून, उशी घेऊन पडले की वेदना कमी जाणवतात, म्हणून घरचेही मायेपोटी डोक्याखाली दोन उशा देतात. येथेच घात होतो. जी स्थिती आरामाची वाटते, त्याच स्थितीत मान आखडते. गळा भाजलेल्या रुग्णाला पहिल्या दिवसापासून उशी न देणे, हा आखडलेपण टाळण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

भाजल्याबरोबर त्या भागावर सुमारे २० मिनिटे वाहते थंड पाणी सोडावे. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद यांपैकी काहीही लावू नये, हेही येथेच सांगून ठेवतो.

ही विद्या आपल्याच मातीतली

दूरच्या शस्त्रक्रियेचे नाव काढताच घाबरणाऱ्या कुटुंबांना मी एक हकिकत आवर्जून सांगतो. १७९२च्या म्हैसूरच्या युद्धात इंग्रजांच्या फौजेतील कावसजी नावाचा मराठी गाडीवान टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला आणि त्याचे नाक कापले गेले. पुढे पुण्याजवळच्या एका देशी कारागिराने त्याच्या कपाळावरील त्वचा वळवून नवे नाक घडवले. हा कारागीर विटा घडवणाऱ्या समाजातला होता. १७९४च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये हा वृत्तांत छापून आला आणि युरोपातील शल्यचिकित्सक चकित झाले.

आपल्या विदर्भाचे या शास्त्राशी नाते याहूनही जवळचे आहे. डॉ. सी. बालकृष्णन यांनी १९५८मध्ये नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात सुघटन शल्यशास्त्राचा, म्हणजेच प्लास्टिक सर्जरीचा, विभाग उभा केला. देशातील अशा सुरुवातीच्या विभागांत त्याची गणना होते. दुभंगलेल्या ओठांचे आणि टाळूचे त्यांनी केलेले वर्गीकरण ‘नागपूर वर्गीकरण’ म्हणूनच ओळखले जाते. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील डॉ. नोशीर अंतिया यांनी तर कुष्ठरोग्यांचे वाकडे हात आणि बसकी नाके नीट करण्यात हयात घालवली. याच निष्णात शल्यचिकित्सकाने पुढे अलिबागजवळच्या मांडवा परिसरात गावच्या बायकांना आरोग्यसेवेचे शिक्षण दिले. उपचाराचा मोठा भाग गावातली शहाणी माणसेच करू शकतात, असा त्यांचा विश्वास होता. मानेच्या शस्त्रक्रियेनंतरचे वर्ष पाहिले की त्या विश्वासाची सत्यता पटते.

शस्त्रक्रियेत काय करतात?

ताणलेल्या वणाचा पट्टा मान पूर्ण मागे जाईपर्यंत आडवा मोकळा केला जातो. त्यामुळे गळ्यावर मोठी उघडी जागा तयार होते. ती झाकण्यासाठी बहुधा मांडीवरील त्वचेचा पातळ थर काढून तेथे बसवतात. यालाच त्वचारोपण म्हणतात. पट्टा अरुंद असेल तर आजूबाजूची त्वचा वळवूनही काम भागते. आखडलेल्या मानेमुळे भूल देताना श्वासनलिकेत नळी घालणे अवघड असते. म्हणून ही शस्त्रक्रिया अनुभवी भूलतज्ज्ञ आणि पुरेशी साधने असलेल्या रुग्णालयातच करावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत जळिताच्या उपचारांचा समावेश आहे. तेव्हा खर्चाच्या धास्तीने घरी बसण्यापूर्वी योजनेतील रुग्णालयात जाऊन तेथील ‘आरोग्यमित्रा’ला शिधापत्रिका आणि ओळखपत्र दाखवून चौकशी करावी.

पहिला आठवडा : स्थैर्य

रोपलेल्या त्वचेला पहिले दोन दिवस स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. खालच्या जखमेतून झिरपणाऱ्या द्रवावर ती तग धरते. त्यानंतर बारीक रक्तवाहिन्या तिच्यात शिरू लागतात आणि चार-पाच दिवसांत ती मूळ धरते. नुकत्याच लावलेल्या रोपाला कोणी रोज हलवून पाहिले तर ते जगेल काय? गळ्यावरील त्वचेचेही तसेच आहे. या काळात तिचे शत्रू तीन : खालून होणारी हालचाल, तिच्याखाली साठणारे रक्त आणि जंतुसंसर्ग.

म्हणून डोक्याखाली उशी नसते. उलट खांद्यांखाली चादरीची घडी ठेवून मान मागे झुकलेली ठेवतात. बोलणे आणि चावणे कमीत कमी ठेवायचे असते. दूध, पातळ वरण, भाताची पेज, ज्वारीची आंबील असा आहार द्यावा. भेटायला येणाऱ्यांनी रुग्णाला प्रश्न विचारू नयेत. मान डोलावून उत्तर देणेही या दिवसांत महाग पडते. खोकला किंवा उलट्या सुरू झाल्या तर परिचारिकेला लगेच सांगावे. मांडीवरची जखमही दुखते, किंबहुना गळ्यापेक्षा अधिक दुखते. ती साधारण दोन आठवड्यांत भरते. तिथली चिकटलेली पट्टी ओढून काढू नये. खालची त्वचा तयार झाली की ती आपोआप सुटते.

घरी आल्यावर : खरी परीक्षा

टाके निघतात, त्वचा गुलाबी दिसते, मान वर होते. घरात आनंद असतो. याच क्षणी अनेक कुटुंबांना वाटते की काम संपले. वस्तुतः रोपलेल्या त्वचेचा स्वभाव आकसण्याचा असतो आणि थर जितका पातळ तितका तो अधिक आकसतो. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत हा जोर सर्वाधिक असतो. वण पूर्ण शांत व्हायला वर्ष-दीड वर्ष लागते, काहींना त्याहून अधिक.

या ओढीला प्रत्युत्तर म्हणून मानेचा स्प्लिंट किंवा कॉलर दिली जाते. आंघोळ, जेवण आणि व्यायाम एवढ्यापुरती ती काढायची; एरवी रात्रंदिवस वापरायची, किमान सहा महिने आणि पुष्कळदा वर्षभर. ती कधी थांबवायची हे शल्यचिकित्सकच ठरवतील. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा ही कॉलर म्हणजे शिक्षा वाटते हे खरे. अशा वेळी आत मऊ सुती कापडाचा पदर लावावा, तो दिवसातून दोनदा बदलावा, कॉलर साबणाने धुऊन कोरडी करावी. पण ‘उन्हाळाभर राहू द्या’ हा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. तीन महिन्यांच्या सुट्टीत मान पुन्हा खाली येते आणि दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा कठीण असते.

डॉक्टरांनी अनुमती दिल्यानंतर, साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून, व्यायाम सुरू होतात. छताकडे पाहणे, हनुवटी एकेका खांद्याकडे नेणे, कान खांद्याकडे झुकवणे, तोंड पूर्ण उघडणे. प्रत्येक प्रकार १० वेळा, दिवसातून पाच-सहा वेळा. ताण जाणवला पाहिजे, त्वचा फाटता कामा नये. झोपताना खांद्यांखाली पातळ उशी आणि डोके मागे, ही सवय वर्षभर ठेवावी.

कामाची वाटणी नव्याने

ही बाब पुस्तकांत फारशी आढळत नाही, पण आपल्या भागात ती निर्णायक आहे. आपल्या बायकांची जवळजवळ सारी कामे मान खाली घालूनच होतात. निंदण, कापसाची वेचणी, चुलीपुढे बसून भाकरी थापणे, तांदूळ निवडणे, भांडी घासणे. दिवसातून सहा वेळा व्यायाम केला आणि उरलेले आठ तास मान वाकवली, तर वाकवण्याचाच विजय होतो.

म्हणून पहिले सहा महिने कामांची अदलाबदल करावी. निंदण आणि वेचणी घरातल्या दुसऱ्यांनी घ्यावी. स्वयंपाक उभ्याने, ओट्यावर करावा. ओटा नसेल तर टेबलावर शेगडी ठेवावी. धान्य निवडायचे तर ताट उंचावर, डोळ्यांसमोर ठेवावे. याउलट उंच दोरीवर कपडे वाळत घालणे, फळीवरचे डबे काढणे-ठेवणे, भिंतीचे जाळे काढणे ही कामे म्हणजे विनाशुल्क व्यायामच होत. मोबाईल मांडीवर न ठेवता डोळ्यांच्या रेषेत धरावा.

दोन सुनांची उदाहरणे मला नेहमी आठवतात. दोघींची शस्त्रक्रिया सारखी, वयही जवळपास सारखे. एकीच्या सासूबाई रोज दिवेलागणीला तिच्या गळ्याला तेल चोळत आणि समोर बसून व्यायाम मोजत. दुसरीला एसटीत लोक कॉलरकडे टक लावून पाहत, म्हणून घरच्यांनीच ती काढून ठेवायला सांगितले. वर्षानंतर पहिली मान वर करून माझ्याशी बोलत होती. दुसरीची हनुवटी पुन्हा खाली आली होती. शल्यचिकित्सकाच्या कौशल्यात फरक नव्हता. फरक होता तो घरात.

तेल, ऊन आणि खाज

रोपलेल्या पातळ त्वचेत तेल आणि घाम स्रवणाऱ्या ग्रंथी नीट काम करत नाहीत. ती कोरडी पडते, भेगाळते आणि खाजते. सर्व खपल्या निघून त्वचा पक्की झाल्यावर साधे खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावून दिवसातून तीन-चार वेळा बोटांच्या पेरांनी हळुवार, पण दाब देऊन मालिश करावे. खाजवल्याने नवी त्वचा फाटते. खाज असह्य असेल तर औषध मिळते, ते मागून घ्यावे. उंचावलेल्या वणावर सिलिकॉनची पट्टी किंवा दाब देणारे घट्ट वस्त्र उपयोगी पडते, मात्र ते मापाने शिवलेले आणि डॉक्टरांनी सुचवलेले असावे.

नव्या त्वचेला सुरुवातीला स्पर्शाची जाणीवही कमी असते. म्हणून गरम शेक, वाफ, कढत पाणी यांपासून दूर राहावे. भाजलेले कळतही नाही. ऊन लागले तर ती कायमची काळवंडते. आपल्याकडे बायका-मुली तोंडाला सुती ओढणी गुंडाळून बाहेर पडतात. ही उत्तम सवय गळ्यापर्यंत न्यावी. मंगळसूत्र, पोत, साखळी यांच्या घासण्याने जखम होते. काही महिने ती बाजूला ठेवण्यात अशुभ काहीही नाही.

ताटात काय, तोंडात काय नको

जखम भरण्यासाठी प्रथिने लागतात. तुरीचे वरण रोज, सोबत अंडे, दूध, दही, भाजलेले शेंगदाणे, हरभरे यांपैकी जे परवडेल ते. आवळा, पेरू, लिंबू यांतून ‘क’ जीवनसत्त्व मिळते. ‘जखम चिघळेल’ या समजुतीने अंडी, भात किंवा आंबट बंद करू नये. त्याला आधार नाही. रक्त कमी असेल तर शस्त्रक्रियेपूर्वीच लोहाच्या गोळ्या सुरू कराव्यात.

खर्रा मात्र बंद, आणि हे मी विनंती म्हणून सांगत नाही. खर्रा, गुडाखू, बिडी यांतील निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि नव्या त्वचेला रक्त कमी पडते. खर्ऱ्याने तोंड उघडणेही कमी होत जाते, त्यामुळे भूल देणे अधिक अवघड होते. शस्त्रक्रियेपूर्वी किमान चार आठवडे आणि नंतरही किमान चार आठवडे यांना हात लावू नये. त्यानंतर पुन्हा सुरू करण्याचे कारण मला तरी ठाऊक नाही.

मनाची जखम

भाजलेल्या स्त्रीला आगीची भीती वाटते, झोप उडते, आरशासमोर जाववत नाही. ऑपरेशननंतर वण ‘नाहीसा’ होईल अशी आशा असते आणि तो केवळ बदललेला दिसतो. ही निराशा नैसर्गिक आहे. ती बोलून दाखवू द्यावी. ‘जीव वाचला हेच खूप’ हे वाक्य कृपया तिच्यासमोर वारंवार म्हणू नका. लहान मुलांच्या बाबतीत आईवडिलांनी आणखी एक गोष्ट मनाशी ठेवावी : मूल वाढते, वण त्या वेगाने वाढत नाही. म्हणून वाढीच्या वयात एकाहून अधिक शस्त्रक्रिया लागू शकतात. ते उपचारांचे अपयश नव्हे.

आणि ज्या घरात भाजणे हा अपघात नव्हता, तेथे कॉलर आणि तेल पुरेसे नाही. अशा भगिनीने आपल्या डॉक्टरांशी एकांतात बोलावे. १८१ हा महिलांसाठीचा मदत क्रमांक आहे.

मान घट्ट करून घेणाऱ्यांसाठी

वयोमानाने लोंबणारी गळ्याची त्वचा घट्ट करून घेण्याची शस्त्रक्रिया पुण्या-मुंबईत होते. आपल्या वाचकांपैकी काहींनी किंवा त्यांच्या परदेशातील आप्तांनी ती करून घेतली असेल. त्यात कमीपणा नाही, परंतु वर दिलेले नियम तिला जसेच्या तसे लावू नयेत. येथे उद्दिष्ट वेगळे असते. कानामागे आणि हनुवटीखाली टाके असतात. सुरुवातीला मान ताणायची नसते, पलंगाचा डोक्याकडचा भाग उंच ठेवायचा असतो, दोन-तीन आठवडे वाकणे व वजन उचलणे टाळायचे असते. पहिल्या २४ तासांत त्वचेखाली रक्त साठण्याचा धोका सर्वाधिक असल्याने रक्तदाब काबूत हवा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्यांविषयी आधीच सांगावे. मनाने बंदही करू नयेत. निळसर डाग दोन-तीन आठवड्यांत जातात, बधिरपणा काही महिने राहू शकतो. खर्रा आणि सिगारेटचा नियम मात्र दोघांनाही सारखाच.

थांबू नये अशी लक्षणे

मानेची कोणतीही शस्त्रक्रिया झालेली असो, पुढीलपैकी काही दिसले तर सकाळची वाट पाहू नये.

मानेवर अचानक, विशेषतः एका बाजूला, वाढणारी सूज आणि ताण. श्वास घेताना किंवा गिळताना त्रास, आवाज बदलणे. पट्टीतून ताजे रक्त झिरपत राहणे. ताप, दुर्गंधी, पू. नवी त्वचा काळी पडणे किंवा सुटून येणे.

श्वासाचा त्रास असेल तर १०८ची रुग्णवाहिका बोलवावी आणि रुग्णाला बसते ठेवावे. बाकी लक्षणांसाठी जवळच्या डॉक्टरांना दाखवून, ज्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली तेथे त्याच दिवशी संपर्क साधावा. सुटीच्या वेळी मिळालेला कागद, विभागाचा दूरध्वनी क्रमांक आणि पुढील तपासणीची तारीख घरात सर्वांना दिसेल अशा जागी लावून ठेवावी. तपासणीची तारीख सोयाबीनच्या सोंगणीत किंवा कापसाच्या वेचणीत येत असेल तर रुग्णालयाला कळवून ती पुढे-मागे करून घ्यावी. चुकवू मात्र नये. सहाव्या आठवड्यातली तपासणी चुकली की कॉलर सैल झाल्याचे कोणाच्या लक्षात येत नाही, आणि मग मान बोटभर खाली आल्यावरच घरच्यांना कळते.